अकरा म्यूटंट

रत्नागिरीतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडी केली. पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रेझेंटेशन हे सगळ्यांचंच असतं, त्यात नवल नाही. मला छळलं ते म्यूटंटनी.

विषय म्यूटेशन टेस्टिंग. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा यावरचा गाजलेला पेपर १९७८ सालचा. चालत्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम बारीकशी चूक घालायची, अधिकच्या जागी उणे वगैरे, आणि आपल्या टेस्ट ती पकडतात का बघायचं. चूक घातलेली प्रत म्हणजे म्यूटंट; चूक पकडली तर म्यूटंट मेला. म्हणजे परीक्षा प्रोग्रॅमची नाही, टेस्टचीच.

मे २०२१. पावसच्या घरी लॅपटॉपवर चार दिवस म्यूटंटवर टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट चालू होती. निकाल ती अगदी शेवटी, एकदाच फाइलीत लिहिणार होती (ही अक्कल माझीच). तौक्ते वादळ आलं, लाइट गेली, बॅटरी तासाभरात संपली. सगळं पहिल्यापासून.

त्यानंतर पाठवलेला पेपर परत आला. परीक्षकाचा प्रश्न एकच: जिवंत राहिलेल्यांत सममूल्य किती? प्रश्न रास्त होता. समजा, लूप शून्यापासून एकेक वाढते आहे. 'दहापेक्षा लहान आहे तोवर' हे बदलून 'दहा होत नाही तोवर' केलं, तर कोड बदलला पण वागणं तेच. हा सममूल्य म्यूटंट, कुठल्याच टेस्टने मरणार नाही. असे सगळे हमखास ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. उरतात डोळे.

चारशे म्यूटंट निवडले. मी आणि एक सहकारी मॅडम, दोघांनी वेगवेगळे तपासले. जुळले नाहीत तिथे समोरासमोर बसून भांडलो. पडवीत बाबा आंब्यांची प्रतवारी करत असायचे. साका म्हणजे आंब्याचा गर आतून बिघडणं. मी एकदा विचारलं, "वरून बघून साका कळतो का हो?"

"कापल्याशिवाय नाय कळायचा. आणि दहा कापून नाय मिळाला म्हणजे पेटीत नाय, असं नाय हां."

संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा हेच म्हणून गेलाय: टेस्टिंगने बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे नाही. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "त्याची कलमं होती काय?"

शेवटी अकरा म्यूटंटचा निर्णय लागेना. गाइड म्हणाले, तसंच लिहा. मी परिशिष्टात 'अनिर्णित' अशी यादी दिली.

व्हायव्हात बाहेरचे परीक्षक थेट त्याच पानावर गेले. सातव्यावर बोट ठेवलं, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग कागदावर एक इनपुट लिहून पुढे सरकवला: रिकामी यादी. मी हाताने चालवून पाहिलं. मूळ प्रोग्रॅम शून्य देत होता, म्यूटंट कोसळत होता.

दुरुस्तीच्या यादीत एकच ओळ आली: अकराच्या जागी दहा.