आठ्या कपाळावर, दुखणं पापणीत

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे रस्ते तुंबतात. डिचोलीहून येणाऱ्या शिक्षिकाबाई त्यात अडकल्या आणि माझ्या क्लिनिकमध्ये पोचल्या त्या दिवेलागणीला. तो उशीरच त्यांच्या पथ्यावर पडला.

तुळशीचं लग्न झालं की लेकीचं लग्न. "डॉक्टर, फोटोत ह्या आठ्या दिसायला नकोत. ते बोटॉक्स देतात ना, ते द्या." मागणी रोजचीच. दोन भुवयांमध्ये साधारण २० युनिट, कपाळाला थोडी. तीन-चार दिवसांत स्नायू सैलावतो, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. मुहूर्ताला वेळ भरपूर होता.

सुई हातात घेण्याआधी आठ्या का पडल्यात ते मी बघते. भुवया अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि म्हटलं, आता डोळे उघडा. डावी पापणी बाहुलीपर्यंत येऊन अडली. म्हणजे पापणी वर ठेवायला बाई दिवसभर कपाळ राबवत होत्या! मग छताकडे बघत राहायला सांगितलं, तर मिनिटभरात उजवीही उतरू लागली.

"सकाळी कशी असते?"

"सकाळी बरी असते हो. शाळा सुटेपर्यंत जड होते."

शेवटच्या तासाला आवाज नाकातून येतो, पोई, म्हणजे गोव्याचा पाव, चावताना जबडा दमतो, हेही विचारल्यावरच कळलं. त्यांनी ते सगळं वयावर ढकललं होतं.

हातमोज्यात बर्फ भरून दोन मिनिटं डाव्या पापणीवर धरला. काढला तेव्हा तीच पापणी उजवीपेक्षा वर होती. आरशात बघून बाई गप्पच झाल्या.

मला संशय आला मायस्थेनिया ग्रेव्हिसचा, म्हणजे वापरता वापरता स्नायू दमत जाण्याच्या आजाराचा; थंडाव्याने त्यात पापणी तात्पुरती उचलते. बोटॉक्स मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे स्नायूला हालचालीचा निरोप देणारं रसायन सुटू देत नाही. ह्या आजारात ते झेलणाऱ्या स्नायूवरच्या जागाच शरीराची प्रतिपिंडं निकामी करतात. त्यात मी सुई टोचली असती तर पापणी मिटलीच असती, गिळणं आणि श्वासही धोक्यात आला असता. हल्ली हे इंजेक्शन फेशियलसोबत पॅकेजमध्ये विकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेत आठ्यांसाठी त्याला मान्यता मिळाली २००२ साली. त्याआधी, १९८९ पासून, ते तिरळेपणावरचं आणि पापण्यांच्या आकडीवरचं औषध होतं. ते औषधासारखंच, तपासून द्यायला हवं.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं. रक्तात प्रतिपिंडं सापडली, ह्या आजाराशी जोडलेल्या छातीतल्या थायमस ग्रंथीसाठी सीटी स्कॅन झाला, तो निरोप स्नायूपर्यंत नीट पोचवणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या. पापण्या उचलल्या गेल्या तशा कपाळावरच्या आठ्याही बऱ्याच विरल्या. लग्नाआधी बाई दाखवायला आल्या तेव्हा त्यांना कागदावर लिहून दिलं: बोटॉक्स कुठेही, कुणाच्याही आग्रहाने घ्यायचं नाही, आणि जेंटामायसिन, अमिकासिनसारखं, ह्या आजारात स्नायू आणखी दुबळे करणारं अँटिबायोटिक कुणी देऊ लागलं तर आधी हा आजार सांगायचा.