फवारणीच्या बॅटरीवर पॅकमॅन

संत्र्याच्या रिकाम्या पेटीत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), 7 इंची स्क्रीन अन् सहा बटनं बसवून आज गेमची मशीन उभी केली एकदाची. आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही, म्हणून फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी लावली, मधात कन्व्हर्टर टाकून 5 व्होल्ट केले. तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण चमकायची, म्हणजे व्होल्टेज कमी. तासभर डोकं खाल्लं तिनं. निघाली काय, तर वायरच बारीक! जाड टाकली अन् 1980 चा पॅकमॅन धावला.

जॉयस्टिक मात्र उलटी बसली. वर ढकललं की खाली जाते. पोट्ट्यांनी दोन मिनिटांत सवय करून घेतली, मले अजून जमत नाही.

बाबा ओट्यावरून म्हणाले, "उद्या कपाशीवर फवारणी हाय, बॅटरी चार्ज करून ठेवजो."