आमची वाटचाल: अर्ध्या अंशाचा धंदा

जळगाव एमआयडीसीत एका बाजूला चटईचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाइपचा, आणि मधल्या गाळ्यात आम्ही. आई अजून विचारते, "नेमकं काय करी राहिना रे तू?" मी सांगतो, "प्रथिनं उकडतो." ते खोटं नाही.

कोविड ओसरल्यावर कितीतरी लॅबमधली आरटी-पीसीआर यंत्रं धूळ खात पडली. हे यंत्र नमुना हळूहळू तापवत त्याची चमक मोजतं, आम्हाला तेवढंच हवं होतं. त्यातलं एक मी आणि पार्टनरनं सेकंडहँड उचललं. शिरपूरला फार्मसी करताना आम्ही एकाच खोलीत राहायचो. घरून आणलेले पैसे फिटायला तीन वर्षं लागली, त्यावर जास्त लिहीत नाही.

औषध शोधणाऱ्या कंपन्या रेणूंचे बारके तुकडेही तपासतात, साधारण ३०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आतले. कोणता तुकडा प्रथिनाला धरतो, हे आम्ही त्यांना पाहून देतो. तुकडा लहान, म्हणून प्रथिनाला धरतोही हलकेच. चांगलं औषध नॅनोमोलर इतक्या विरळ द्रावणातही प्रथिनाला चिकटतं, हे तुकडे बऱ्याचदा मिलीमोलर इतक्या दाट द्रावणातच. मध्ये दहा लाख पटींचं अंतर. तरी २०११ साली अमेरिकेत मंजूर झालेलं कर्करोगाचं वेमुराफेनिब अशाच एका तुकड्यापासून वाढवलेलं आहे.

आमची पद्धत साधी. ९६ खाचांची प्लेट, प्रत्येक खाचेत प्रथिन, तुकडा आणि सायप्रो ऑरेंज हा रंग. मिनिटाला एक अंश या चालीनं २५ पासून ९५ पर्यंत तापवायचं. प्रथिन उलगडलं की त्याचा पाणी टाळणारा भाग उघडा पडतो आणि रंग तिथं चिकटून चमकतो. तुकडा धरून बसला असेल तर प्रथिन जरा उशिरा उलगडतं. कधी कधी फक्त अर्धा अंश. मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत आम्ही अर्ध्या अंशावरून भांडतोय!

पहिल्याच हिवाळ्यात तोंडघशी पडलो. तुकडे डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले असतात आणि तो साडेअठरा अंशांनाच गोठतो. ज्या थंडीनं केळीची निसवण (घड बाहेर पडणं) लांबते, तिनंच टेबलावर राहिलेल्या प्लेटा थिजवल्या. सकाळी वरवर पातळ दिसलं, पिपेटनं उचललं. अकरा तुकडे 'लागले', म्हणजे प्रथिनाला धरताना दिसले. हुरळून गिऱ्हाइकाला फोन केला. पुन्हा तपासले तर नऊ गायब. गोठतो तो डीएमएसओ, उरलेल्या द्रवात तुकडा दाट होतो; शिवाय खाचेत डीएमएसओ कमीजास्त गेला की प्रथिनाचा उलगडण्याचा अंश आपोआप सरकतो. खरं सांगून टाकलं. ती कंपनी परत आली नाही. चूक आमचीच होती.

आता प्लेट पूर्ण वितळवून, हलवूनच घेतो. पहिल्या आणि शेवटच्या उभ्या रांगेत तुलनेसाठी नुसतं प्रथिन नि डीएमएसओ. गिऱ्हाईक म्हणतं, सोळा खाचा वाया गेल्या. जाऊ देत. लागलेला तुकडा भाड्याच्या एनएमआरवर (चुंबकाच्या जोरावर रेणू तपासणारं यंत्र) पुण्याला जातो. तिथं हलकं धरणंच कामी येतं: तुकडा प्रथिनाकडून खूण घेऊन चटकन सुटतो आणि मोकळा असताना ती खूण मोजता येते. फार घट्ट चिकटणारा तिथं उलट दिसतच नाही. दोन्हीकडे दिसला तरच रिपोर्टात 'धरतो' असं लिहितो.

आता चौघं आहोत. तुकडा प्रथिनाला किती धरतो हे थेट मोजणाऱ्या एसपीआर यंत्राचं कोटेशन मागवलं होतं. आकडा पाहून पार्टनरनं कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. त्याऐवजी थंडीच्या आत प्लेटांच्या खोलीला हीटर बसवतोय. जळगावात हीटर मागितला म्हणून दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, मागवावा लागेल.