वजन तेवढंच, कंबर कमी: मार्चअखेरची नोंद

दिवाळीनंतर धरलेल्या व्यायामाचा हिशोब मांडतो. उंची १७० सेंमी. वजन तेव्हा ७४.२ किलो, आज सकाळी ७३.४. सगळा हिवाळा घालवून फरक आठशे ग्रॅमचा. एवढं तर उन्हात वखरामागे चाललो तरी घामानं जाते. माय रोज विचारते, "कायले गोन्या उचलून राह्यला बे? वजन तं हाय तेवढंच!"

आता टेपचे आकडे पहा. पोट ९४ सेंमी होतं, ते ८९ वर आलं. मान ३७ ची साडेसदतीस झाली. अमेरिकन नौदलाचं १९८४ चं एक सूत्र आहे. त्यात पुरुषांसाठी पोट, मान आणि उंची एवढंच लागतं. त्यात घातलं तर चरबी २५.१ टक्क्यांवरून २१.३ वर आलेली दिसते. किलोत सांगायचं तर चरबी १८.६ ची १५.६ झाली आणि बाकीचं शरीर ५५.६ वरून ५७.८ वर गेलं. म्हणजे तीन किलो गेलं, दोनेक किलो आलं, आणि काट्याला त्यातलं काहीच दिसलं नाही. या सूत्रात तीन-चार टक्के इकडंतिकडं होतात, तेव्हा २१.३ ला देववाक्य समजू नका. पण टेप तोच, जागा तीच आणि हातही तोच असेल, तर आकडा कोणीकडे सरकतो ते नक्की कळते.

कापूस पिकवणाऱ्याला खरं तर हे सांगायची गरज पडू नये. कापूस आपण क्विंटलनं विकतो, पण घेणारा आधी ओल पाहतो. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, आठ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव देते, बाराच्या वर मालच घेत नाही. पुढे जिनिंगवाला उतारा पाहतो: क्विंटलमागे रुई ३३-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. अन् स्वतःच्या शरीराचं विचारलं की आपण नुसता क्विंटल सांगून मोकळे.

बीएमआयचंही (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) तसंच. माझा २५.७ होता, आता २५.४. आपल्या लोकांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादा कडक आहेत: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठ. त्या हिशोबानं मी अजून लठ्ठच. पण पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंमी (बाईची ८०), आणि तिच्या आत मी या महिन्यात आलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला जोडफोटो माहीत असेलच. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. किडकिडीत हातपाय अन् पुढं आलेलं पोट हे आपल्याकडं घरोघरी दिसते; त्या माणसाला "वजन कमी कर" सांगून उपयोग काय? त्याचे आधीच बारीक असलेले हातपाय आणखी बारीक होतील.

मोजायची पद्धत एकच ठेवा. सकाळी, परसाकडून आल्यावर, काही खायच्या आधी. टेप बेंबीवरून, मागं-पुढं एका रेषेत, नेहमीसारखा श्वास सोडून संपला की वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. मान कंठमण्याच्या खाली. कापडी टेप वर्षानुवर्षं ताणून लांब होतो. घरातला जुना टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिला तर तो दोन सेंमीनं खोटा निघाला. फायबरचा घ्या.

तालुक्याच्या जिममधलं चरबी सांगणारं मशीन मी नोंदीतून वगळलं. ते अंगातून बारीक करंट सोडते आणि पाण्यावरून अंदाज बांधते. त्यामुळं रात्रीच्या विश्रांतीनंतर एक आकडा, दिवसभर वावरात घाम गाळून गेलं की दुसरा. लग्नाच्या पंगतीनंतर काटा दीड किलो वर जातो, तेही बव्हंशी पाणीच: मीठ पाणी धरून ठेवते आणि स्नायूंत साठणाऱ्या साखरेच्या एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येते. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. एका पंगतीत एवढं कोण खाते, राजेहो? बुंदीवर कितीही तुटून पडलं तरी नाही.

व्यायाम साधाच. रब्बीसाठी आणलेली युरियाची गोनी ४५ किलोची, डीएपीची ५०. पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचलायची, छातीशी धरून गोठ्यापासून फाटकापर्यंत न्यायची. जोर, बैठका, अन् निंबाच्या फांदीला लोंबकळणं. फांदीवर हनुवटी आधी एकदाही जात नव्हती, आता तीनदा जाते. पोलीस भरतीवाली पोट्टी डांबरीवर १६०० मीटर पळतात, त्यांच्या मागं मीही. ९ मिनिटं ४० सेकंदांवरून सव्वाआठवर आलोय. पोट्टी तोवर चपला घालून घरी निघालेली असतात. पोटाचे व्यायाम करून नेमकी पोटाचीच चरबी जात नाही, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही.

खाण्यात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी तीच राहिली. भर घातली ती सोयावडीची; शंभर ग्रॅम सुक्या वडीत पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीत बावीसच्या आसपास. तर्री कमी केली, सोडली नाही. सोडणार बी नाही. शेंगदाण्याला प्रथिनं समजून मुठीमुठीनं खाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्यात जवळजवळ अर्धं तेल असते.

आता ऊन तापलं. पळणं पहाटे पाचला, गोन्या दिवेलागणीनंतर. पुढचं लक्ष्य कंबर ८५, म्हणजे उंचीच्या निम्मी. पेरणीच्या आधी पोचलो तर बरं, कारण नंतर व्यायामाला वेळ राहत नाही. कातडीखालच्या चरबीची घडी मोजायचा चिमटा, म्हणजे कॅलिपरही मागवलाय. छाती, पोट आणि मांडी अशा तीन जागी चिमटा घ्यायचा, दरवेळी उजव्याच बाजूला आणि एकाच माणसानं. ते काम पोराकडं दिलंय. पोटाची घडी पहिल्यांदा २६ मिमी भरली.