जेवणाच्या सुट्टीतला गायक

अमेरिकी गायक बिल विदर्सच्या ‘जस्ट ॲज आय ॲम’ या १९७१ सालच्या पहिल्याच अल्बमचे मुखपृष्ठ पाहताना चेहऱ्याच्याही आधी नजर जाते ती त्याच्या हातातल्या जेवणाच्या डब्याकडे. लॉस एंजेलिसच्या परिसरातील ज्या कारखान्यात तो बोइंग ७४७ विमानांच्या शौचालयांचे काम करीत असे, तिथेच, जेवणाच्या सुट्टीत हे छायाचित्र काढले गेले. अल्बमचे काम सुरू झाले तरी त्याने नोकरी सोडली नव्हती, कारण संगीताच्या धंद्याचा त्याला मुळीच भरवसा वाटत नव्हता.

वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणींच्या गावी १९३८ मध्ये जन्मलेला हा मुलगा सहा भावंडांत धाकटा आणि बोलताना अडखळणारा होता. नऊ वर्षे नौदलात काढून, तिशी उलटल्यावर तो रेकॉर्डिंग स्टुडिओत शिरला. इतक्या उशिरा आलेल्या माणसाला आपण कुणीतरी असामान्य आहोत असे भासवण्याची हौस उरत नसावी.

‘एन्ट नो सनशाइन’ या गाण्यात तर त्याचे अपुरे राहिलेले कामच अजरामर झाले. एका कडव्याचे शब्द लिहायचे बाकी होते, म्हणून त्याने तात्पुरते ‘आय नो’ एवढेच सलग सव्वीस वेळा म्हटले आणि साथीला बसलेल्या मुरलेल्या वादकांनी ते तसेच ठेवायला लावले. ऐकताना जाणवते, की एरवी मोजकेच बोलणारे हे गाणे इथे अचानक हट्टाला पेटते. मागे ठेका तेवढा उरतो आणि शब्द अर्थ सोडून नुसती तगमग होतात. या गाण्याला ग्रॅमी मिळाले आणि रेकॉर्ड कंपनीने त्याला शौचकूपाची सोनेरी बैठक भेट दिली! हा विनोद त्याच्या पूर्वायुष्यावर होता, हे सांगायला नकोच.

पुढे एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेल्यावर तिच्याशी त्याचे पटेनासे झाले आणि १९८५ च्या अल्बमनंतर त्याने नवा अल्बम काढलाच नाही. लोकांना याचे कोडे पडले. मला मात्र, ज्याने गाण्याकडे कायम काम म्हणूनच पाहिले त्याने काम सोडले, यात नवल वाटत नाही. २०१५ मध्ये गायक स्टीव्ही वंडरच्या हस्ते रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतातल्या मानाच्या यादीत त्याचा समावेश झाला, तेव्हा गाण्याचा बराचसा भार इतरांवर सोपवून त्याने सभागृहाला हसवत ठेवणारे भाषण केले.