केळीचा ट्रक आणि होर्मुझची सामुद्रधुनी

आज चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात केळीची कापणी होती. घड तोडून बांधावर आले आणि ट्रकवाल्याने भाडं वाढवून मागितलं. "डिझेलना भाव वाढना, भाऊ, मी काय करू?" त्याचंही खरंच आहे.

दिवसभर तेच डोक्यात होतं. आपला देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. त्यातलं बरंचसं इराण आणि ओमानच्या मधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं. अगदी अरुंद ठिकाणी ती ४० किलोमीटरसुद्धा रुंद नाही! तिथे तणाव वाढला की बाजार आधी दचकतो, मग आमचा ट्रकवाला.

आबा १९७३ सालची आठवण सांगतात. अरब-इस्रायल युद्धात इस्रायलच्या बाजूने उभ्या राहिलेल्या देशांना अरब राष्ट्रांनी तेल बंद केलं आणि काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाला. त्या युद्धाशी आमच्या गावाचा काय संबंध होता? पण इंजिनाच्या डिझेलसाठी आबा कॅन घेऊन रांगेत उभे होते.

आणि फक्त डिझेलच नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि द्रवरूप नैसर्गिक वायूचा आपला सर्वांत मोठा पुरवठादार कतार. ठिबकच्या नळ्यांचं प्लास्टिकही तेला-वायूतूनच येतं. शेतकऱ्याने पिकाचा हिशेब मांडताना आखाताचा नकाशा शेजारी ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी शेजारच्या मळ्यात निर्यातीची खोकी भरत होते. माल आखातातच चाललाय. त्याच पाण्यातून.