पंचावन्न

"पंचावन्न का? मग गाणंच बरं."

गाण्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवरचे काका माझे बारावीचे टक्के बघून म्हणाले, पण वाईट मनाने नाही. हसून म्हणाले, शिक्काही लगेच मारून दिला. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि ते ‘मग’ डोक्यातून जात नाहीये.

इथे प्रवेशाला नुसती बारावी पास लागते, निवड गाण्यावर. तरी अर्जात टक्क्यांचा रकाना सगळ्यात वर आणि ‘संगीताचे पूर्वशिक्षण’ खाली दीड ओळीत. आठवीपासून पहाटे उठून खर्जाचे खालचे सूर लावतेय, ते त्या दीड ओळीत कसं मावणार? डिसेंबरात प्रिलिमच्या तोंडावर मी गाण्याच्या विशारद परीक्षेचं शेवटचं वर्ष, विशारद पूर्ण, दिलं. हातावर झुमरा तालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, धरत बसायचे आणि समोर अकाउंट्सचं पुस्तक उघडं. आई तेव्हा जे बोलली ते आज लिहीत नाही.

ताईला ब्याण्णव होते. तिला सगळे म्हणाले, इतके मार्क असून गाणं? तिची पेटी अजून आमच्याकडेच आहे.

मग. मार्क कमी, मग गाणं.

विशारदच्या लेखी पेपरात जीवनचरित्रं होती. दोन विष्णू, भातखंडे आणि पलुस्कर. भातखंडे वकील. पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, शाळा सुटली, आणि मग त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला ठेवलं. म्हणजे तिथेही तेच ‘मग’! त्याच मुलाने पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एक वकिलीकडून आला, एक शाळा सुटल्यावर, आणि स्वरलिपी, म्हणजे गाणं लिहून ठेवायची पद्धत, दोघांनीही बसवली. मी या उत्तराला दोन पानं लिहिली होती. तेव्हा हे दिसलंच नाही.

आता एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. अकाउंट्स गाण्यामुळे गेलं नाही. मला ते येत नव्हतं. निकालाच्या दिवशी प्रत्येक फोनवर मीच सांगत होते, विशारद होतं ना, म्हणून मार्क गेले. काकांनी तेच वाक्य उलटं म्हटलं इतकंच. दोन्ही वेळा ओझं गाण्यावर.

हे लिहिल्यावर छातीतलं जरा उतरलं. पंचावन्न माझे आहेत, राहू देत.

परवा अकरा वाजता गाण्याची चाचणी. बिहाग राग गाणार आहे. त्यातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, पंचमाला, म्हणजे ‘प’ला धरून यायला हवा, माझा अजून सुटा पडतो. उद्या दिवसभर तेवढंच.